अंथरुणावरच्या माणसाची सेवा तपासू या

जोयडा तालुक्यात लावणीच्या दिवसांत सारे घर शेतात असते आणि अंथरुणाला खिळलेली आजी घरात एकटी. तिची सेवा नीट होते का, हे कोण तपासणार? आपणच.

दर रविवारी मिस्सा झाल्यावर एवढे पाहू या. माकडहाड व टाचांवरचा लाल डाग दाबून फिका झाला नाही, तर जखमेची सुरुवात समजावी. काळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तेथे हाताला ऊन किंवा टणक लागते का, ते पाहावे. दर 2 तासांनी कूस बदलावी. लघवी गडद असल्यास पाणी वाढवावे. उरलेल्या गोळ्या मोजाव्या. डाग दिसताच आशाताईंना कळवावे.

आणि सेवा करणाऱ्या सुनेलाही विचारावे, "तुझी झोप होते का?" चौथी आज्ञा सबंध घराची आहे, एकट्या सुनेची नव्हे.