मंदीत मुंबईस यावे काय?

प्रश्न : मी आयटीआय उत्तीर्ण फिटर आहे. मंदीच्या दिवसांत नोकरीसाठी मुंबईस यावे काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अवश्य यावे; परंतु मंदीत कायम नेमणुका प्रथम थांबतात आणि बिघडलेली यंत्रे मात्र दुरुस्त करावीच लागतात, हे ध्यानी घेऊन आपला अर्ज उत्पादनाऐवजी देखभाल खात्याकडे रुजू करावा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये अल्प का होईना, विद्यावेतन देणे मालकास बंधनकारक असल्याने शिकाऊ उमेदवारीची वाटही उपेक्षणीय नव्हे. लालबाग-परळच्या चाळींत गावकीची खोली असल्यास वळकटी तेथेच टाकावी. पहिला पगार हाती येईपर्यंत भाड्याचा भार सोसवत नाही. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्या दलालास मात्र छदामही देऊ नये.