प्लॅस्टिकच्या सैनिकांचा जुना रंग

प्रश्न : प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिकांवरचा जुना ॲक्रिलिक रंग काढायचा आहे. थिनर चालेल का?

उत्तर : थिनर नकोच, ॲसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हरही नको. हे सैनिक बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. ॲसिटोनने रंगाबरोबर चेहरेही विरघळतील. साधं डेटॉल घ्या, पाणी न घालता. काचेच्या बरणीत सैनिक रात्रभर बुडवून ठेवा. मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. इथेच अनेकांचं बिघडतं : ते सैनिक लगेच नळाखाली धरतात. पाणी लागताच सुटलेला रंग राळेसारखा चिकट होऊन खाचांत बसतो. म्हणून आधी ताज्या डेटॉलमध्येच खळबळा. रंग पूर्ण गेल्यावर भांड्यांच्या साबणाने धुवा. इनॅमल रंग मात्र सहजी सुटत नाही. सुरुवात एकाच, कमी लाडक्या सैनिकापासून करा.