पिवळं ते सगळं सोनं नव्हे : पॉवेलाइट आणि खनिजाची ओळख



दगड-खनिजांचा पाठ घेताना मुलांना विचारा, "हे कशावरून ओळखायचं?" पहिलं उत्तर रंगाचंच येतं. पिवळं आणि चमकदार दिसलं की ते सोनं! मोठी माणसंही तेच करतात. पिवळा खडा दिसला की 'पुष्कराज' म्हणून विकत घेतात. म्हणून हा पाठ नुसता परीक्षेपुरता नाही.

आज एका दुर्मिळ पिवळ्या खनिजाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव पॉवेलाइट. विशेष म्हणजे त्याचे जगातले उत्तम स्फटिक आपल्या महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यात सापडले आहेत.

नाव आणि घटक

अमेरिकन भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांच्यावरून 1891 मध्ये हे नाव दिलं गेलं. त्यात कॅल्शियम, मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन असतात (CaMoO₄ हे सूत्र मोठ्या मुलांसाठी). मॉलिब्डेनम पोलाद कणखर करायला वापरतात.

सापडतं कुठे?

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांच्या सोबतीने क्वचित पॉवेलाइट मिळतं. आपल्या भाट्ये-रत्नागिरीकडे हाच काळा खडक झिजून जांभा झाला आहे. त्यामुळे चिरेखाणीत जे पिवळं दिसतं ते बहुधा लिमोनाइट, म्हणजे लोखंडाचा गंज म्हणा ना!

ओळखीच्या खुणा

1. आकार : चौकोनी पायाचे दोन पिरॅमिड पायाला पाया लावून जोडल्यासारखा स्फटिक.
2. चमक : हिऱ्यासारखी किंवा राळेसारखी.
3. कठिनता : 3.5 ते 4. नखाने ओरखडा उठत नाही, लोखंडी खिळ्याने उठतो.
4. वजन : विशिष्ट गुरुत्व सुमारे 4.2, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या चौपटीहून जड. साधी गारगोटी 2.65 असते. हातात घेताच फरक कळतो.
5. कस : खरखरीत फरशीवर घासल्यावर उठणारी रेघ. सोनार कसोटीवर सोनं घासतो, तेच हे. पॉवेलाइटचा कस पांढरट ते फिकट पिवळा.
6. प्रकाशणे : कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ते पिवळं उजळतं. त्याचा भाऊबंद शीलाइट निळसर पांढरा उजळतो. हा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतो, म्हणून वर्गात नको. चित्र किंवा चित्रफीत दाखवा.

इतर पिवळ्यांशी तुलना

- सोनं : कस सोनेरी, गुरुत्व सुमारे 19, ठोकलं तर पसरतं.
- पायराइट ('मूर्खांचं सोनं') : कस हिरवट काळा, ठोकलं तर फुटतं.
- गंधक : गुरुत्व जेमतेम 2, अगदी मऊ.
- लिमोनाइट : कस पिवळट तपकिरी.
- पुष्कराज : कठिनता 9. काच त्याच्यापुढे टिकत नाही.

बघा, रंग सगळ्यांचा पिवळा. पण कस, वजन आणि कठिनता लावली की प्रत्येक जण वेगळा पडतो. एकच खूण पुरत नाही, तीन-चार जुळल्या तरच नाव द्यायचं.

वर्गातली कृती

पॉवेलाइट मिळायची गरजच नाही. चिऱ्याचा पिवळा तुकडा, गारगोटी, खडू आणि विटेचा तुकडा घ्या. फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू कसासाठी वापरा. गटात तक्ता करायला सांगा : रंग, कस, नखाचा ओरखडा, खिळ्याचा ओरखडा. खिळा मोठ्यांनी हाताळावा. आधी अंदाज लिहून घ्या, मग तपासायला लावा. अंदाज चुकला तर खोडू देऊ नका. शेजारी नवीन उत्तर लिहू दे. शिकणं तिथेच दिसतं.

पालकांनो, अंगठीतल्या खड्यावर ओरखडे काढून बघू नका हं! महागाचा खडा घेताना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. आणि सहलीला नाशिककडे गेलात तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. तिथे एकच प्रश्न विचारा, "रंग झाकला तर हे कसं ओळखशील?"