मधुमेही रुग्णाची रात्र

प्रमेहाच्या रुग्णाला आपण आहार विचारतो, कोष्ठ विचारतो, दिवास्वाप विचारतो. रात्र मात्र ‘झोप कशी आहे?’ एवढ्या प्रश्नातच आटोपते. तेवढ्याने भागत नाही, असे आमचे मत आहे.

रात्री वारंवार लघवीस उठणे, घसा कोरडा पडून तांब्याभर पाणी पिणे, तळहात-तळपायांची आग होणे ही प्रभूतमूत्रता, तृष्णा व हस्तपाददाह या नावांनी आपल्या परिचयाची लक्षणे होत. रक्तशर्करा साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती मूत्रावाटे जाऊ लागते व सोबत पाणी ओढून नेते. अशा रुग्णाचे पाणी तोडू नये, साखर आवरावी. उतारवयातील पुरुषास लघवी दर वेळी भरपूर होते की थोडी, हेही विचारावे. थोडी होत असल्यास पौरुषग्रंथीकडे लक्ष द्यावे.

याच्या नेमकी उलट अवस्था म्हणजे झोपेत साखर उतरणे. घामाने अंथरूण भिजते, भयंकर स्वप्ने पडतात, छातीत धडधडते, सकाळी डोके दुखते आणि माणूस काही वेळ भांबावलेला असतो. मराठवाड्यातील वैशाखात घाम कोणाला येत नाही? त्यामुळे हे लक्षण हमखास निसटते. शेजारी झोपलेला कोरडा आणि रुग्णाचे अंग मात्र गार व घामेजलेले असल्यास संशय घ्यावा, त्याच वेळी ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ७० मिलिग्रॅमच्या खालील आकडा धोक्याचा होय.

हा धोका कधीकधी आपल्याच औषधयोजनेतून वाढतो, हे मान्य केले पाहिजे. रुग्ण ग्लायबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड घेत असतो, कोणी इन्सुलिनवर असतो. त्यावर आपण गुडमार, विजयसार, जांभूळबी देतो. चालू गोळ्यांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय असे करू नये. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतील रात्रपाळीच्या कामगारांविषयी तर विशेष सावध असावे. जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी न जेवता झोपावे, असा वाग्भटांचा उपदेश आहे. स्वस्थाला तो हितकर; पण गोळी घेऊन उपाशी झोपणाऱ्या मधुमेह्याला तोच घातक ठरेल. एकादशी, नवरात्र व रमजानमध्येही गोळीची मात्रा व वेळ मूळ चिकित्सकाकडून आधीच ठरवून घ्यावी.

साखर उतरलेला रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. नंतर दूध-भाकरी द्यावी. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यास साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच द्यावी, कारण त्या औषधांमुळे साखरेचे पचन लांबते. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लायबेनक्लामाइडचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. वृद्ध व वृक्कविकारी रुग्ण तासाभरात सावरला, तरी साखर पुन्हा उतरू शकते. त्याला रुग्णालयात ठेवणेच इष्ट.

औषधी विक्रेत्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आसव-अरिष्टात व अवलेहात गूळ-साखर असते, तेव्हा मधुमेह्यास ते स्वतःहून देऊ नयेत. आणि ‘साखरेवर रामबाण’ म्हणून विनालेबल येणारे चूर्ण दुकानात ठेवूच नये. अशा चूर्णांत आधुनिक गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे, आणि ते घेणाऱ्याची साखर रात्री का उतरली हे मग कोणालाच उमगत नाही.