सात गेला, पाच का राहिला?

प्रश्न : ४क्ष³ − ५क्ष + ७ चं डेरिव्हेटिव्ह काढताना ७ जातो, मग ५ का राहतो? आणि घातांक खाली कसा येतो? (बारावीची विद्यार्थिनी)

उत्तर : डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर. क्ष कितीही बदलला तरी ७ ढिम्म हलत नाही, दर शून्य. −५क्ष मात्र क्ष एकाने वाढला की पाचाने घटतो, म्हणून −५ उरतो.

घातांकाचं कोडं कंसात सुटतं. क्ष ला ह एवढी छोटी वाढ द्या आणि (क्ष + ह) तीनदा गुणा. एकाच कंसातून ह आणि उरलेल्या दोघांतून क्ष, अशी निवड तीन प्रकारे होते : ३क्ष²ह. मूळचा क्ष³ वजा करून ह ने भागलं की ३क्ष². ह², ह³ च्या पदांत भागूनही ह उरतोच. तो शून्याकडे गेला की तीही संपतात. ३क्ष² ला आधीच्या ४ ने गुणलं की उत्तर १२क्ष² − ५.

गुण जातात ते (क्ष + १)(क्ष − ३) सारख्या गुणाकारात. दोन्ही कंसांची डेरिव्हेटिव्ह काढून गुणू नका. आधी कंस सोडवा.