धूर काय सांगतो?

दोन लाख किलोमीटर धावलेली जुनी पिकअप घेणाऱ्याची सारी पुंजी तिच्यात गुंतलेली असते. म्हणून आधी निदान व मग दुरुस्ती, हा क्रम पाळावा. डिझेल इंजिनाचा काळा धूर बहुधा धुळीने चोंदलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला इंजेक्टर सुचवतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पिस्टन रिंगा झिजल्या असाव्यात. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला व रेडिएटरातील पाणी घटत गेले, तर हेड गॅस्केट तपासावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. स्वस्त कारण प्रथम तपासले, तर फिल्टर बदलून भागणाऱ्या कामासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

विचार करा : काळ्या व निळ्या धुराच्या कारणांत कोणता फरक आहे?