तेंदूपत्त्याचा मुक्काम आणि मलेरिया

प्रश्न : गडचिरोलीत तेंदूपत्ता तोडायला गेलेले मजूर रात्री जंगलातच झोपतात. त्यांनी मलेरियापासून बचाव कसा करावा?

उत्तर : गावात फवारणी होते ती घराच्या भिंतींवर. जंगलातल्या ताडपत्रीच्या पालाला भिंतच नसते, त्यामुळे तिथे भिस्त मच्छरदाणीवर. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यातली फ्लुव्हिएटिलिस ही जात संथ वाहत्या ओढ्यात वाढते, आणि पाण्याच्या सोयीसाठी मुक्काम नेमका ओढ्याकाठीच पडतो! पाल शक्य तितके लांब ठोकावे.

सरकारी वाटपातली कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी सोबत न्यावी. चार काठ्या रोवून ती बांधावी आणि कडा चटईखाली खोचाव्यात. अंगाला चिकटलेल्या जाळीतूनही डास चावतो. ती वारंवार धुऊ नये, धुतली तर सावलीत वाळवावी. उन्हाने औषध उतरते.

अंधार पडल्यावर पानांचे पुडके बांधताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, उघड्या अंगाला डासरोधक मलम लावावे. शेकोटीच्या धुरावर विसंबू नये.

डास चावल्यावर ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे तो घरी परतल्यावरही येऊ शकतो. अशा वेळी आशाताईंकडे लगेच रक्त तपासून घ्यावे आणि जंगलात राहिल्याचे सांगावे.

फॅल्सिपेरम मलेरिया उपचाराविना मेंदूपर्यंत जाऊ शकतो. व्हायवॅक्ससाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. प्रतिबंधक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः गरोदर स्त्रियांनी.